कापडआळी स्टेशनातली करवती

आंधळगाव
६ जानेवारी २०२५

भोजराज,

आशीर्वाद दिला असं समज. लिहायला आज हात वळत नाही.

फोनवरच बोललो असतो, पण फोनवर तुला माझा आवाज येत नाही. हवापाण्याचं विचारलं की बरोबर येतो आणि करवतीचं नाव काढलं की येत नाही. म्हणून आता पोस्टाने विचारतो.

दामिनीचं लग्न ठरलं. आपल्या इश्वरची मोठी मुलगी, माझी नात, लाखनीला शाळेत शिकवते ती. मुलगा लाखनीचाच, हायवेवर त्यांचं टायरचं दुकान आहे. माणसं बरी वाटली. तरी मी दोनदा चौकशी केली, तिसऱ्यांदा करायला निघालो तेव्हा इश्वरने माझी चप्पल लपवली. लग्न वैशाखात, मांडव आपल्याच दारात. वैशाखात लाइट जाते, पाणी कमी पडतं, आणि गेल्या साली त्याच दिवसांत वादळाने शेजाऱ्याचा मांडव तळ्यात नेऊन टाकला होता. हे सगळं मी एकटा बोलत बसतो. घरात कोणी ऐकत नाही.

पण तुला लिहितो आहे ते वेगळ्या गोष्टीसाठी. आपली करवती परत पाठव.

आपल्या घरची मुलगी असो की सून, मांडवात पहिल्यांदा बसते ती घरची करवती नेसून. मधाच्या रंगाचं कोशाच्या रेशमाचं अंग, लाल सुती किनार, किनारीला करवतीसारखे दात. बाबांनी आणि आईने एका मागावर बसून विणलेली. माझी चंद्रकला ती नेसून या घरात आली, तुझी सुमित्रा तीच नेसून आली. लग्न आटोपलं की घडी होऊन पेटीत. कोणा एकीची ती नाही.

तुझ्या स्वातीच्या लग्नासाठी तू ती मागितलीस. वरठी स्टेशनवर मी स्वतः तुझ्या हातात दिली. त्यानंतर काय काय कारणं झाली ती मला पाठ आहेत. आधी म्हणालास, कोणी विश्वासाचा माणूस येणारा भेटला की पाठवतो. मग म्हणालास, कापडआळीत तुझ्या दुकानासमोर मेट्रोचं खोदकाम सुरू झालं आहे. साडीला काय खड्डा ओलांडून यायचं होतं? मग लॉकडाऊन. त्यातच सुमित्रा गेली, आणि मी विचारणं सोडलं. माणसाने कुठं तरी थांबावं.

आता थांबत नाही. भंडाऱ्याचे दोन जिल्हे झाले त्या साली तू माग सोडून पुण्याला गेलास. गावात सगळे म्हणत, गोंदिया गेला, गोंदिया गेला. मी म्हणत होतो, भोजराज गेला, आणि लोकांना वाटायचं म्हातारा होत चालला. तू गेलास, करवती तरी येऊ दे.

बाबूलाल


आंधळगाव
२७ जानेवारी २०२५

भोजराज,

तुझं पत्र आलं. मी ते दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा दामिनीकडून वाचून घेतलं. मला वाटलं, चौथीपर्यंत शिकलेला माणूस, आपलंच काही चुकत असेल. चुकत नव्हतं.

तू लिहितोस, करवती स्टेशनात आहे. जमिनीच्या खाली, काचेच्या कपाटात, दिवे लावून. कापडआळीवर स्टेशन झालं म्हणून तिथल्या जुन्या दुकानदारांच्या वस्तू भिंतीवर मांडल्या, कोणाचा गज, कोणाचा तराजू, आणि भोजराजची करवती. वर लिहितोस की ती आता स्टेशनच्या इतिहासाचा भाग आहे, मागणं बरं दिसत नाही.

तुझ्या मोठ्या वहिनीला मी हे सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "जमिनीच्या खाली लुगडं कायले टांगलं त्याईनं? तिथं कोण नेसते?"

तिला उत्तर हवं आहे. तू दे.

आणि इतिहास कोणाचा? ते स्टेशन पोरगं आहे, अजून दाढी फुटली नाही त्याला. त्याचा इतिहास तूच मला फोनवर सांगत आलास, विसरलास का? आळीच्या तोंडाशी निळे पत्रे लागले. गिऱ्हाईक पत्र्यांच्या पलीकडूनच परत जाऊ लागलं. तुम्हाला गाळे सोडायला लावले आणि तिकडं लांब तात्पुरत्या शेडमध्ये नेऊन बसवलं, जिथं दिवसभरात एक बाई यायची आणि ती रस्ता विचारून जायची. मग जमिनीखालून मशीन गेलं. तू म्हणालास, "दादा, भांडी वाजते मांडणीवर, आन सुमित्रा म्हनते भूकंप आला." मी त्या रात्री झोपलो नव्हतो. तुमचं घर खचेल, तुम्ही आत राहाल, आणि आम्हाला चार दिवसांनी कळेल. दुसऱ्या दिवशी फोन केला तर तू हसलास. म्हणालास, दादा, सवय होते.

त्या मशीनने तुझा धंदा खाल्ला. आणि तू त्याच भिंतीवर आपल्या आईच्या हातची साडी टांगून आलास. कोणी फोटो काढला असेल. कोणी शाल दिली असेल. दिली का? खरं सांग.

मला शाल नको. करवती काढून आण.

बाबूलाल


आंधळगाव
१६ फेब्रुवारी २०२५

भोजराज,

तू लिहितोस, "दादा, मेट्रोच्या ऑफिसात पत्रं पाठवू नका, माझी बदनामी होते." मी पाठवलं. तुझं पत्र यायच्या आधीच पाठवलं होतं आणि ते आधी आलं असतं तरी पाठवलं असतं. दामिनीने इंटरनेटवरून पत्ता काढला. मजकूर माझा, अक्षर तिचं. तिने दोन शिव्या गाळल्या, असं तिनेच मला सांगितलं.

त्यांचा फोन आला. बाई होती, तरुण, आवाजावरून सभ्य. म्हणाली, आजोबा, ती साडी आम्हाला भेट मिळालेली आहे. मी विचारलं, कोणी दिली? म्हणाली, श्री. भोजराज यांनी. मी म्हणालो, "त्याच्या बापाची आहे का ती?" आणि मग माझ्याच लक्षात आलं की बापाचीच आहे, आणि तो बाप माझाही आहे. मी फोन ठेवून दिला. पाणी प्यालो. परत लावला.

मी तिला खूण सांगितली. तुला माहीतच आहे, तरी लिहितो, कारण तू ती विसरल्यासारखा वागतो आहेस. करवती एका माणसाने होत नाही. मागाच्या खड्ड्यात बसलेला अंग विणतो आणि बाजूला बसलेला किनारीचा धोटा फेकतो, दोघांचा हात जुळला तर दात सरळ येतात. ती विणताना बाबा खड्ड्यात होते आणि आई डावीकडे. पदरापासून हातभर खाली डाव्या किनारीचे दात एका ठिकाणी वाकडे गेले आहेत, जसं पोराने रेघ ओढावी तसे. आईला तिथं कळा सुरू झाल्या. ती बोलली नाही, फेकतच राहिली. बाबांना वाटलं डुलकी लागली, त्यांनी तिला शिव्या दिल्या. आणि मग तू झालास. नंतर बाबांना लोकांनी सांगितलं, उसवून नीट करा. बाबा म्हणाले, राहू दे, पोरगं कुठून आलं ते दिसते.

त्या बाईने हे सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, थांबा, मी खाली जाऊन बघते. दुपारी तिने पुन्हा फोन केला. "आजोबा, मी काचेसमोरच उभी आहे. पूर्ण किनार उलगडून लावलेली आहे. दोन्ही बाजूंनी अगदी सरळ आहे."

मी म्हणालो, बाई, नीट बघ. तिने नीट बघितलं. सरळ आहे म्हणाली.

शहरातल्या माणसांना किनार बघायची सवय नसते. लांबून सगळंच सरळ दिसतं. मी स्वतः येतो. दामिनी येते आहे माझ्यासोबत, तिला स्वातीला आमंत्रण द्यायचंच आहे. आमची तिकिटं झाली. माझा वरचा बर्थ आला आहे, मी वर चढू शकत नाही, आणि खालचा माणूस बदलून देतो की नाही याची मला आत्तापासून काळजी लागली आहे. डब्यात चोऱ्या होतात. तुमच्या घरी पाणी येतं का ते कळव. आणि त्या स्टेशनात खाली वारा असतो का? मला कोंडल्या जागेत श्वास लागतो.

तू घरी राहा. तुला कुठं जायचं काम निघालं तर ते काम तूच काढलंस असं मी समजेन.

बाबूलाल


आंधळगाव
९ मार्च २०२५

भोजराज,

काम निघालं. आम्ही पोहोचलो त्या सकाळी तू सासवडला कोणाच्या पूजेला गेला होतास. दोन दिवस पूजा चालली. मोठी पूजा असेल.

तू नव्हतास म्हणून काय झालं ते मीच लिहून पाठवतो.

आम्ही आधी स्टेशनात गेलो. आत उतरायला सरकता जिना आहे, त्याच्या पायऱ्या जमिनीतून निघतात आणि जमिनीतच जातात. मी काठावर उभा राहिलो. मागे माणसं तुंबली.

"आबा, पाय टाका. तो तुमाले खाऊन नाई टाकत."

"दात हायेत त्याले."

"दात तं तुमाले बी हायेत. कोनाले चावले का आजवर?"

"तुझ्या आजीले विचार."

शेवटी दामिनीने माझा हात धरून ओढलं. मी डोळे मिटून उतरलो. खाली थंडी होती, आणि उजेड इतका की सावली पडत नव्हती. मी वर बघितलं. छताच्या वर रस्ता आहे, रस्त्यावर बसगाड्या आहेत, हे सगळं कशाने पेललं आहे ते मी एका शिपायाला विचारलं. तो म्हणाला, इंजिनिअरला माहीत. आपण जन्मभर मांडीइतक्या खड्ड्यात पाय सोडून बसलो आणि घर चालवलं. यांना आख्खी आळी मावेल एवढा लागला.

भिंत सापडली. मोठे मोठे फोटो, खाली मजकूर. दामिनी वाचत होती, मी ऐकत होतो. पहिल्या फोटोत जुनी कापडआळी, दोन्ही बाजूंना साड्या टांगलेल्या, आणि एका कोपऱ्यात तुझ्या पाटीचा अर्धा तुकडा, 'भोज' एवढंच दिसतं. मग खोदकामाचे फोटो, डोक्यावर टोप्या घातलेली माणसं, मग ते मशीन, त्याच्यासमोर नारळ फोडलेला. कठीण काळातही काम सुरू राहिलं, असं लिहिलं आहे. शेवटी एक ओळ आहे. येथील व्यापाऱ्यांनी मोलाचे सहकार्य केले.

मी दामिनीला ती ओळ पुन्हा वाचायला लावली.

मग काच. मी जवळ गेलो. साडी आडवी पसरून लावली होती, पदरापासून. खाली पाटी, भोजराज यांच्या घराण्यातील जुनी करवती. मी पदरापासून हात मोजला, काचेवरूनच. शिपाई आला.

"काका, काचेला हात लावू नका."

"मी हात लावून नाई राहिलो. मी वाचून राहिलो."

डावी किनार मी इकडून तिकडे बघितली, तिकडून इकडे बघितली. त्या बाईचं बरोबर होतं. दात सरळ होते. वाकडी जागा नव्हतीच. लाल रंगसुद्धा अलीकडचा, डोळ्यात जाणारा. कोणाच्या तरी मागावरची चांगली साडी होती ती, पण आपली नव्हती.

मी तिथंच बाकावर बसलो. दामिनीने विचारलं, आबा, बरं नाही का वाटत? मी तिला म्हणालो, तुझ्या आबाच्या भावानं घरची करवती विकली.

हे मी तुला लपवणार नाही. स्वातीच्या घरापर्यंत रिक्षात मी तुला जे बोललो ते रिक्षावाल्यानेही ऐकलं. तो म्हणाला, आजोबा, भाऊ असाच असतो. मी त्यालाही गप्प केलं.

स्वातीने चहा ठेवला. मी चहा घेतला नाही. म्हणालो, "तुझ्या बापानं कोनाले विकली ते सांग, मी त्याच्या घरी जातो, हात जोडतो, पन ते लुगडं घेऊन जातो."

ती उभीच राहिली. म्हणाली, "मोठे बाबा, विकली नाही. आईला नेसवली."

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, कधी? सुमित्रा तर गेली.

"गेली तेव्हाच," स्वाती म्हणाली.

मग तिने सांगितलं. तू कधी सांगितलं नाहीस ते तिने एका दमात सांगितलं. सुमित्रा सकाळी ओट्याशी उभी होती, तिथंच बसली, आणि डॉक्टर येईपर्यंत संपलं. सवाष्ण बाई. तिला माहेरची साडी नेसवून न्यायची असते. पण माहेर एकोडीला, गाड्या बंद, तिचा भाऊ धनीराम साकोलीच्या नाक्यापलीकडे येऊ शकत नव्हता. विकत घ्यावी तर आळीभर एक दुकान उघडं नाही. तुझा स्वतःचा माल शेडमध्ये, शेडला कुलूप, आणि बाहेर पोलीस. तू त्यांच्यापुढे हात जोडलेस. त्यांनी तुला परत पाठवलं.

"बाबा घरी आले आणि कपाट उघडून उभे राहिले," स्वाती म्हणाली. "ज्या माणसानं सगळ्या पुण्याला साड्या नेसवल्या, त्याच्याकडं आईसाठी नवी साडी नव्हती. मग त्यांनी ती काढली. म्हणाले, ही भंडाऱ्याकडची आहे. माहेरचीच समज."

दामिनी पाणी आणायला आत गेली. बराच वेळ पाणी आलं नाही.

स्वाती म्हणाली, खालून मशीनचं काम तेव्हाही चालू होतं. चौघं जण तिला घेऊन निघाले तेव्हा पायाखाली जमीन थरथरत होती. कठीण काळातही काम सुरू राहिलं. आणि व्यापाऱ्यांनी सहकार्य केलं. भोजराज, मला त्या भिंतीवर थुंकावंसं वाटलं. मी परत जायला निघालोही होतो, स्वातीने दारात अडवलं.

पण साडीचं खोटं भिंत माझ्याशी बोलली नाही. तू बोललास.

तू पाच वर्षं मला सांगितलं नाहीस. दामिनीचं लग्न ठरल्यावर करवती मागितली की तुझा फोन बंद. शेवटी पळायला जागा उरली नाही तेव्हा दुसऱ्याच कोणाच्या मागावरची साडी घरची म्हणून तूच काचेत दिली होतीस, तीच आपली म्हणालास. त्या ऑफिसातल्या बाईशी मला भांडू दिलंस. ती बिचारी माझ्यासाठी दुपारच्या वेळी खाली उतरून किनार बघत होती. तुला वाटलं, म्हातारा पत्र लिहील आणि थकेल. मला ओळखतोस ना तू? मी थकतो का?

का सांगितलं नाहीस तेही मला कळतं. तुला वाटलं, मी म्हणेन, घरची करवती चितेवर घातली. हो, म्हणालो असतो. नक्की म्हणालो असतो. याच शब्दांत म्हणालो असतो आणि आणखी चार वाईट बोललो असतो. मग तू फोन आपटला असतास, तुझी वहिनी माझ्यावर ओरडली असती, आणि दिवाळीपर्यंत मी ताळ्यावर आलो असतो. मला बोलू तरी द्यायचं होतंस! भावाने दोन शब्द वाईट बोलू नयेत म्हणून तू बायकोचं मरण एकट्याने गिळून बसलास, आणि इकडं मी दर सणाला पेटी उघडून तुझ्या नावाने खडे फोडत होतो.

ती साडी नेसून ती या घरात आली होती. ती नेसून गेली. यात माझ्या भावाने भ्यावं असं काय होतं?

धनीरामला मी परवा एकोडीला जाऊन सांगितलं. पाच वर्षं तो सांगत फिरत होता की बहीण माहेरच्या साडीविना गेली. तोही तुझ्या नावाने खूप ओरडला. मग जेवला. मग म्हणाला, "आंधळगावची असो का एकोडीची, कोसा तं आपल्याकडचाच." आणि तोंड धुवायला मागच्या दारी गेला.

आज इतकंच. माझा हात दुखतो आहे.

बाबूलाल


आंधळगाव
२४ मार्च २०२५

भोजराज,

तुझं पत्र मिळालं. "दादा, माफ करा" एवढीच ओळ, आणि त्याखाली सही. एवढ्यासाठी पोस्टमन उन्हात आला. माफीचं मी बघून घेईन, ते माझं काम आहे. तू तुझं ऐक.

लग्नात दामिनी काय नेसणार हा प्रश्न तसाच आहे. तिला मी विचारलं. ती म्हणाली, "आबा, एवढं काय? त्या स्टेशनातली आना एका दिवसाकरता. लग्न झालं का परत टांगून देऊ." तिच्या आईने तिला दटावलं. मग दामिनीच एकटी असताना माझ्याजवळ येऊन म्हणाली, नवी होऊ शकत नाही का?

नवी. या घरात करवती झाली त्याला पंचवीस साल होऊन गेले. तू गेलास आणि डावीकडची जागा रिकामी पडली. मी एकटा साधा कोसा विणत राहिलो, मग डोळे गेले तसा तोही बंद केला. इश्वरने खड्ड्यावर फळ्या टाकल्या, फळ्यांवर तांदळाची पोती. मी पोती हलवायला सांगितली. इश्वर म्हणाला, बाबा, या वयात? मी स्वतःच एक पोतं ओढलं, कंबर धरली, आणि मग त्याने उरलेली निमूट हलवली. खड्ड्यात उंदरांनी बिळं केली होती. मागाच्या फणीला गंज होता. तुझी वहिनी दोन दिवस घासत होती आणि दोन्ही दिवस बोलत होती.

कोशाचं सूत आणलं. ताणा चढला. बसलो. खड्ड्यात पाय सोडले तेव्हा पायांना कसं बसायचं ते आठवलं, माझ्या लक्षात नव्हतं.

डावीकडे दामिनीला बसवलं. पोरगी हुशार आहे, गणित शिकवते, पण धोटा हातात आला की तिला तो कुठं पाठवायचा ते कळत नाही. मी आत टाकतो तेव्हा ती माझ्याकडे बघत असते. पहिल्याच दिवशी दात असे आले की कुत्र्याने चावलं म्हणावं. तिने धोटा फेकला तो सरळ भिंतीवर. म्हणाली, "आबा, मी लग्नात गाऊनच घालीन." इश्वरला बसवलं, तर तो अर्ध्या तासात मोबाईल घ्यायला उठला. गावात आता करवतीला बसणारं कोणी राहिलं नाही. एक होता, त्याचा हात लकव्याने गेला.

माझे डोळेही धड नाहीत, हे तुला सांगून ठेवतो. लाल सूत आणि कोसा जिथं एकमेकांत अडकतात ती जागा मला सकाळी दिसते, दुपारनंतर दिसत नाही. मग मी अंदाजाने टाकतो आणि अंदाज चुकतो. काल रागाने सगळं उसवलं. आज पुन्हा उसवलं. ताणा जास्त दिवस ताणून ठेवला तर सूत तुटतं. वैशाख महिन्यावर आला. मांडववाला विचारून गेला. मला छातीत धडधडतं, डॉक्टर म्हणतो काही नाही, पण डॉक्टर काय, तोही इंजिनिअरसारखाच.

तुझं काय चाललं आहे ते स्वातीने सांगितलं. रोज सकाळी आंघोळ करून तू स्टेशनात जातोस. गाडीत बसत नाहीस. काचेसमोरच्या बाकावर बसतोस, कोणी साडी बघायला थांबलं तर उठून माहिती देतोस, कोसा कुठला, किनार कुठली, आणि दुपारी घरी येतोस. शिपाई तुला चहा देतो म्हणे. तिथं खाली, जमिनीच्या पोटात, तू अजून गाळा लावून बसला आहेस, आणि माल कोणाचा, तर दुसऱ्याचा. मी जेव्हा तिथं बसलो तेव्हा तो तुझाच बाक असेल. मला कोणी सांगितलं नाही.

पुरे झालं ते. स्टेशन तुझ्याशिवाय चालेल. त्यांनी सहकार्य लिहून घेतलं आहे, आता त्यांना तुझी गरज नाही. मला आहे.

पत्र मिळाल्या दिवशी तिकीट काढ. खालचा बर्थ घे, तुझेही गुडघे आता तरुण नाहीत. वरठीला इश्वर येईल, मी येणार नाही. जेवायला वाढलं जाईल. तुझ्या वहिनीने तुझं अंथरूण कुठं टाकायचं यावर माझ्याशी आत्ताच भांडण काढलं आहे, म्हणजे तिने तू येणार हे धरलं आहे.

मी तुझ्याशी गोड बोलेन असं समजून येऊ नकोस. तुला सुमित्राचं सगळं सांगावं लागेल, सकाळी ती काय म्हणाली तिथपासून, आणि मी मधे मधे ओरडेन. पंचवीस सालांचं साचलं आहे. ते पोस्टाने पाठवून पाठवून मी थकलो. आता डावीकडे बसून ऐक, आणि ऐकता ऐकता धोटा फेक.

दादा